क्लचवरचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात उभा राहतो तेव्हाही ओठांवर दुसरंच काहीतरी येतं आणि मी घंटा वाजवून बाहेर पडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडाकडं बघून हे बोलायचं, ते मला इतक्या दिवसांत ठरवता आलेलं नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलायला मला जमतं.

माझं नाव यल्लाप्पा, गाव उचगाव. पंचवीस वर्षांच्या वर मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. शेवटची अकरा वर्षं वडगावच्या आप्पांकडे होतो. आप्पांचे माग आहेत, घरच्या साड्या निघतात. साड्यांचे गठ्ठे पिकअपमध्ये घालून संकेश्वर, निपाणी करायचं, कधी पुढं इचलकरंजीपर्यंत जायचं आणि येताना सूत भरून आणायचं, हे माझं काम. पिकअप नवी आली त्या दिवशी हार घातलेली ती गाडी पहिल्यांदा दारातून बाहेर काढली ती मी. तीन लाख किलोमीटर होऊन गेले तरी तिच्यावर दुसरा ड्रायव्हर बसला नव्हता. वंटमुरीच्या घाटात ती कुठल्या वळणाला दमते, तवंदीचा घाट उतरताना कुठं नुसत्या गिअरवर सोडायची, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. मला त्याचा गर्व होता. ड्रायव्हरला दुसरं काय असतं गर्व करायला?

तर ती गाडी डिझेल जास्त प्यायला लागली.

आमच्याकडं ॲव्हरेज म्हणतात — एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर पळते ते. आमची तेरा-साडेतेरा द्यायची. ती बारावर आली, मग अकरा. जुन्या गाडीचं होतंच थोडंफार, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण दहाच्या खाली यायला लागली तेव्हा आप्पांनीच विचारलं, ‘‘यल्लाप्पा, गाडीला काय झालंय रं? परसूला दाव की एकदा.’’

परसू म्हणजे परशराम मिस्त्री. खानापूर रोडला त्याचं गॅरेज होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ गणपत, दोघं मिळून चालवायचे. परसू माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, हे सांगितलं नाही तरी चालेल, पण एक सांगायलाच पाहिजे. आप्पांकडे मला लावलं ते परसूनं. आधीच्या मालकाची गाडी विकली गेली आणि मी चार महिने घरात बसून होतो. परसू स्वतः मला वडगावला घेऊन गेला आणि आप्पांना म्हणाला, ‘‘ह्याच्या हातात गाडी द्या आणि इसरून जावा.’’ त्याच्या शब्दावर मला काम मिळालं. माझं लायसन्ससुद्धा आप्पांनी त्या दिवशी बघितलं नाही.

परसूची एक पद्धत होती. गाडी आली की तो बॉनेटला लगेच हात लावायचा नाही. आधी ड्रायव्हरला बोलतं करायचा. चढाला ओढते का, धूर कसला येतो, सकाळी पहिल्या चावीला चालू होते का. मग सोप्यापासून सुरुवात. टायरमधली हवा बघितली. हवेचा फिल्टर काढून झटकला, तर मागावरच्या सुताची धूळ त्यात नुसती दाटून बसलेली. तो बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला. चारी चाकं एकेक करून जॅकवर उचलली आणि हातानं फिरवून बघितली, ब्रेक कुठं धरून ठेवतोय का ते. मागचं एक चाक थोडं जड फिरत होतं, ते सैल केलं. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला पाठवले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सापडलं. प्रत्येक वेळी ॲव्हरेज थोडं चढायचं आणि पंधरा दिवसांत परत खाली.

शेवटी त्यानं क्लच बघितला. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला पाहिजे होतं. ते बंद न पडता नुसतंच घुरघुरत राहिलं. ‘‘हे बघ,’’ परसू म्हणाला, ‘‘इंजिन जोर लावतंय, खरं तो जोर चाकापतुर जातच न्हाय. प्लेट घसराय लागलीया.’’ गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट काळी पडलेली, जळका वास. गणपत जाऊन नवी प्लेट घेऊन आला, दोघा भावांनी मिळून बसवली. मी तिथंच होतो. खोक्यातून निघालेली नवी प्लेट मी माझ्या हातानं गणपतला दिली. हे लक्षात ठेवा. मी विसरलेलो नाही.

महिनाभर गाडी मस्त पळाली. नंतर परत तेच.

आता मला पायाबद्दल बोललं पाहिजे.

एप्रिलमध्ये एका दुपारी संकेश्वरला माल उतरवला आणि रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावर गेलो. चहावाला माझ्या पायाकडं बघून म्हणाला, ‘‘मामा, एक चप्पल कुठं टाकलासा?’’ मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. चप्पल केबिनमध्येच राहिली होती आणि तापलेल्या डांबरावरून मी तसाच चालत आलो होतो. मला चटका बसला नव्हता. चप्पल नाही हेसुद्धा कळलं नव्हतं. मी हसून काहीतरी बोललो. चहा तसाच ठेवून गाडीकडं आलो.

परत येताना सपाट रस्त्याला, चौथ्या गिअरवर गाडी असताना मी खाली वाकून बघितलं. माझा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, थोडा दाबलेला होता. पाय खाली जमिनीवर आहे अशीच माझी समजूत होती. असा किती दिवस असेल? किती महिने? पेडल थोडं दबलेलं असलं की प्लेट पुरती धरत नाही, घसरत राहते; प्रत्येक किलोमीटरला मी ती घासत होतो, आणि परसू बिचारा नोझल तपासत बसला होता.

साखर मला सात-आठ वर्षं होती. गोळ्या कधी घ्यायचो, कधी नाही. त्या आठवड्यात बेळगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला डोळे मिटायला लावून तळपायाला टोकदार काहीतरी टोचलं आणि विचारलं, ‘‘कळतंय?’’ मी म्हणालो, ‘‘कधी टोचणार?’’ टोचून झालं होतं. पाय बधिर झालाय, गाडी चालवणं थांबवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान हलवली. कागद घडी करून खिशात घातला, घरी कपाटातल्या जुन्या बिलांखाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साड्या भरून निपाणीला गेलो.

का? मला विचारू नका. म्हणजे — विचारा, पण मी देईन ते उत्तर मलाच पुरत नाही. काम जाईल ही भीती होती. मुलगा हुबळीला नोकरीला होता, आम्ही उपाशी मेलो नसतो. भीती दुसरीच होती. ‘ह्याला आता गाडी जमत नाही’ असं कुणी म्हणेल, ही. माझ्या गाडीपुढून शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती, बायका डोक्यावर भारे घेऊन जात होत्या, आणि मी असल्या पायानं गाडी हाकत होतो. ते तेव्हा डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

चार-पाच महिन्यांत ती प्लेटही जळाली. परसूनं गिअरबॉक्स उतरवला, प्लेट हातात घेऊन उलटसुलट बघितली. नवी प्लेट त्यानं स्वतःच्या खिशातून आणली. ‘‘माझ्या कामाची इज्जत हाय,’’ एवढंच आप्पांना म्हणाला. मग टाकी फुल्ल केली, गाडीत माल भरला होता तसाच ठेवून एकटाच संकेश्वरपर्यंत जाऊन आला, परत टाकी फुल्ल केली. तेराच्या वर ॲव्हरेज आलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, ‘‘आज तू चालीव, मी शेजारी बसतो.’’

तो बसला. संकेश्वर येईपर्यंत आम्ही पावसाबद्दल बोललो, उचगावच्या जत्रेबद्दल बोललो. तो रस्त्याकडं बघत नव्हता. मी त्याच्याकडं बघत नव्हतो.

परत आल्यावर त्यानं गणपतला कुठल्यातरी कामाला बाहेर पाठवलं. लोखंडी पट्टीचा एक तुकडा कापला, वाकवला, केबिनमध्ये क्लचच्या डाव्या बाजूला बोल्टनं बसवला. हात पुसत माझ्याजवळ आला.

‘‘गिअर पडला की पाय ह्याच्यावर ठेवायचा,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘डोळ्यानं बघून ठेव. पायाला इचारू नगंस. आणि डॉक्टरला दाव, यल्लू. मी कुणाला बोलत न्हाय.’’

असा माणूस होता तो. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही, माझी मान खाली जाऊ दिली नाही. आणि मला काय वाटलं माहीत आहे? राग आला. ती पट्टी रोज माझ्या डोळ्यांसमोर. चढता-उतरता दिसायची. आप्पा कधी केबिनमध्ये बसले आणि त्यांनी विचारलं, हे काय, तर? आठ दिवसांनी मी पाना घेऊन ती खोलली आणि संकेश्वरच्या पुलावरून हिरण्यकेशी नदीत टाकून दिली. हातानं टाकली. हाताला सगळं कळत होतं.

ॲव्हरेज पुन्हा घसरलं. ते घसरणारच होतं.

आप्पा एक दिवस स्वतः गॅरेजवर आले. भले माणूस, पण त्या दिवशी वैतागलेले होते. ‘‘परसू, सहा-सात म्हैनं झालं. दोन प्लेटा जळल्या. तू एकदा सांगतोस फिल्टर, एकदा सांगतोस नोझल. दोष हाय तरी कशात?’’

‘‘गाडीत दोष न्हाय, आप्पा,’’ परसू म्हणाला.

‘‘मग कशात हाय?’’

परसूनं माझ्याकडं बघितलं. नजरेत धाक नव्हता, आरोपही नव्हता. तो वाट बघत होता. मी तोंड उघडावं म्हणून त्यानं मला जागा करून दिली होती — अजून कशी द्यायची असते जागा? मी खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि मळत बसलो. परसूनं मान खाली घातली. ‘‘बघतो अजून,’’ म्हणाला. आप्पांच्या लेखी तो त्या क्षणी खोटा पडला. माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. त्यानं घेतलं नाही.

इथपर्यंत मी भित्रा होतो. भित्र्या माणसाला जग सांभाळून घेतं. त्यापुढचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला मागावर बोलावून घेतलं. शेडमध्ये सगळे माग चालू होते. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल, शेजारी उभं राहून ओरडावं लागतं. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘यल्लाप्पा, तू रोज तिथं असतोस. खरं सांग. परसू काय लपवायलाय?’’

त्यांना काहीतरी लपवलेलं आहे हे कळलं होतं. फक्त लपवणारा माणूस त्यांनी चुकीचा धरला होता. मी ‘काही नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही खोटंच झालं असतं, पण तेवढ्यावर भागलं असतं.

मी म्हणालो, ‘‘पहिल्या टायमाला त्यानं नवी प्लेट घातलीच न्हाय, आप्पा. जुनी प्लेट घासून घातली. मी बघितलं.’’

मागांच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागं हात धरून विचारलं, ‘‘काय म्हनलास?’’

बघा. माणसाला अशी संधी किती वेळा मिळते? तोंडातून गेलेला शब्द समोरच्याला ऐकूच गेला नव्हता. मी तो गिळू शकत होतो, दुसरं काहीही बोलू शकत होतो. मी जवळ गेलो आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, तेच परत सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘‘माझं नाव काढू नगासा तेवढं. दोस्त हाय.’’

दोस्त हाय. हेही मी म्हणालो.

आप्पांनी माझं नाव काढलं नाही. आरडाओरडा केला नाही, गॅरेजवर जाऊन भांडलेही नाहीत. गाडी तिथं पाठवायची बंद केली, आणि कुणी ‘का’ विचारलं की ‘नवी म्हणून जुनीच प्लेट घासून घातली’ एवढंच सांगितलं. वडगाव-शहापुरात ज्यांचे माग आहेत त्यांच्या गाड्या बहुतेक परसूकडेच असायच्या. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात जायला किती वेळ लागतो? गणेशोत्सवाच्या आधी त्याच्या दारात गाड्यांची रांग असायची. त्या वर्षी मी तिथून गेलो तेव्हा दारात एक स्कूटर उभी होती आणि परसू स्टुलावर पेपर वाचत बसला होता. त्यानं हात केला. मी हॉर्न वाजवला.

पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं. काय बोललं जातंय ते परसूच्या कानावर गेलं. नवी प्लेट बसवली हे त्याला माहीत होतं. मग हे उठवलं कुणी? त्या दिवशी गॅरेजमध्ये तिघंच होते — तो, गणपत आणि मी. गणपतच्या मनात बऱ्याच दिवसांपासून निपाणीला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं, त्यावरून घरात थोडी कुरकुर होतीच. परसूनं दोन आणि दोन जोडले. भावाला गिऱ्हाईकं तोडायची होती म्हणून त्यानं हे पसरवलं, असं त्यानं धरलं. गणपतनं आईची शपथ घेतली. परसूनं ऐकलं नाही. दोघं वेगळे झाले. गणपत खरंच निपाणीला गेला — जाणार नाही तर काय करणार? — आणि तो गेल्यामुळं परसूचा संशय पक्का झाला. वर्षाच्या आत खानापूर रोडचं गॅरेज बंद पडलं. परसू बायकोच्या माहेरी, जांबोटीकडं, सासऱ्याची भातशेती आणि म्हशी बघायला निघून गेला. तीस वर्षं ज्याचे हात ऑइलमध्ये होते तो माणूस.

मी गाडी चालवत राहिलो. तसल्याच पायानं. नव्या मिस्त्रीनं आणखी एक प्लेट बदलली.

मग एका दिवशी निपाणीहून घरी आलो, पायातली चप्पल काढली, आणि बायको किंचाळली. चप्पलच्या तळातून खिळा आरपार गेला होता आणि माझ्या पायात रुतून बसला होता. सकाळपासून मी तसाच हिंडत होतो. जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. गाडी सुटली ती तेव्हा, तीही मी सोडली म्हणून नाही.

बरा होऊन घरी बसलो होतो तेव्हा आप्पा भेटायला आले. सफरचंदं आणली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘‘नवीन ड्रायव्हर बरा हाय. आणि काय सांगू, गाडीनं परत तेराचं ॲव्हरेज धरलंय बघ! ह्या नव्या मिस्त्रीचा हात चांगला हाय. परसूनं उगच घोळ करून ठेवलता.’’

माझी बोटं गेलेली. काम गेलेलं. घाबरण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मी म्हणालो, ‘‘व्हय, आप्पा.’’

गेल्या पावसाळ्यानंतर मी जांबोटीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. स्टँडपासून परसूचं घर लांब आहे, काठी टेकत टेकत गेलो. तो म्हशी धूत होता. मला बघून हातातली बादली तिथंच टाकून धावत आला. पहिल्यांदा माझ्या पायाकडं बघितलं. मला खुर्चीवर बसवलं, बायकोला म्हणाला, ‘‘यल्लू आलाय गं, बिनसाखरेचा च्या कर.’’ केस पार पांढरे झाले होते. हात मात्र स्वच्छ झाले होते, नखांतला काळा रंग गेला होता. मला ते हात ओळखू आले नाहीत.

‘‘तुझ्या पायाचं मी शेवटपतुर कुणाला बोललो न्हाय बघ,’’ तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून त्यानं ते सांगितलं.

मी म्हणालो, ‘‘परसू, मला तुला —’’

तेवढ्यात तो आत गेला आणि एक लग्नपत्रिका घेऊन आला. गणपतच्या मुलीचं लग्न, निपाणीला. पत्रिकेबरोबर गणपतनं चिठ्ठी पाठवली होती. परसूनं ती मला वाचायला दिली. ‘अण्णा, मी काही केलेलं नाही. पण तुझी समजूत तशी असेल तर मी तुझे पाय धरतो. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला ये.’ एवढंच होतं.

‘‘तू सांग, यल्लू,’’ परसू म्हणाला. ‘‘जाऊ का नगो? रोज इचार करतो. कधी वाटतं, गणपत खरं बोलतोय. मग वाटतं, आप्पाच्या कानावर ते घातलं कुणी? तू सोडून तिथं गणपतच हुता.’’

तू सोडून.

चहा आला होता. कप माझ्या हातात होता. परसू माझ्या तोंडाकडं बघत होता, तसाच, गॅरेजमध्ये बघितलं होतं तसा, वाट बघत. फरक एवढाच की ह्या वेळी त्याला काहीच माहीत नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. ‘जा’ एवढं म्हटलं असतं तरी तो गेला असता. माझं ऐकलं असतं त्यानं.

मी म्हणालो, ‘‘तुझं तू बघ, बाबा. घरातली गोष्ट हाय. मी काय सांगू?’’

त्यानं मान डोलावली. संध्याकाळच्या बसपर्यंत मला सोडायला आला. वाटेत दोनदा थांबला, मला दम खायला मिळावा म्हणून.

पत्रिका मलाही आली होती. मी निपाणीला लग्नाला गेलो. गणपत दारातच उभा होता, डोक्याला फेटा. गाडी आली की बाहेर बघायचा. बेळगावची बस यायची वेळ झाली तेव्हा रस्त्यापर्यंत जाऊन आला. मुहूर्त जवळ आला तसा भटजीला म्हणाला, जरा थांबा, दहा मिनिटं. मग अजून पाच. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ‘‘यल्लाप्पादा, तू जांबोटीला गेलतास म्हणं. अण्णा काय बोलला काय? येतो म्हनला?’’

मी म्हणालो, ‘‘काय बोलला न्हाय.’’

अक्षता पडल्या. पोरीचा काका म्हणून उभं राहायला कुणी नव्हतं, तर गणपतनं मला हाताला धरून पुढं नेलं. परसूच्या जागेवर मी उभा राहिलो. मग पंगत बसली आणि मी जेवलो.

परसूनं नवी प्लेट घातली होती. गणपत कुणाला काही बोलला नव्हता. आप्पांना ते खोटं मी सांगितलं. दोनदा सांगितलं.